भाषण आणि जाहीर लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषण, निवेदन, खुलासा, प्रसिद्धीपत्रक असं काही लिहायची वेळ ज्यांच्यावर येते, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी, त्यांच्याकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कमीजास्त लांबीची आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

लिहायला बसण्याआधी काय ठरवायचं?

कार्यक्रमाहून घरी गेलेल्या माणसाला कुणी विचारलं, "काय म्हणाले?", तर त्यानं एका वाक्यात काय सांगावं, हे आधी लिहून काढा. त्या वाक्यात क्रियापद असलं पाहिजे. "वाचनाचं महत्त्व" हा विषय झाला, त्यात म्हणणं काहीच नाही. "वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवू, कारण दिवसभर काम करणाऱ्यांना दुसरी वेळच मिळत नाही" हे म्हणणं झालं. असं वाक्य सापडत नसेल तर भाषण लिहायची वेळ अजून आलेली नाही. आधी ज्याला बोलायचं आहे त्याच्याशी बसून बोला.

मग कोरडी माहिती गोळा करा. समोर साधारण किती माणसं असतील, ती बसलेली असतील की उभी? आधी कोण बोलणार, नंतर कोण? कागद ठेवायला पोडियम आहे की माईक हातात धरायचा आहे? हातात माईक असेल तर पानं उलटायला एकच हात उरतो, आणि मसुदा त्या हिशेबानं मांडावा लागतो. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कार्यक्रमपत्रिकेत नसलेली, पण सभागृहातल्या प्रत्येकाच्या डोक्यात असलेली गोष्ट कोणती? कालच अपघात झाला असेल, पगार थकले असतील, निकाल लागला असेल. तिचा उल्लेख पहिल्या दोन मिनिटांत आला नाही, तर पुढचं सगळं लोक अर्ध्या कानानं ऐकतात.

दहा मिनिटांच्या भाषणाला किती शब्द लागतात?

मराठीत मंचावरून बोलताना मिनिटाला १०० ते ११० शब्द धरावेत. इंग्रजीचे १३० शब्दांचे हिशेब इथे चालत नाहीत, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "विद्यार्थ्यांनासुद्धा" हा मोजणीत एकच शब्द, पण तोंडाला सहा अक्षरं, त्यातली तीन जोडाक्षरं. म्हणजे दहा मिनिटांना हजारेक शब्द होतात. लिहा मात्र ८५०. उरलेला वेळ टाळ्या, मान्यवरांची नावं, माईकची खरखर आणि घोटभर पाणी यांत जातो. मंचावरची बारा नावं पदांसह घेतली की दीड मिनिट गेलंच समजा. ती सूत्रसंचालकानं घेतली असतील तर पुन्हा घेऊ नका.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला, सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पण समारंभात, एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उभे राहिले आणि जेमतेम २७० शब्दांत बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत ज्या मुद्द्याला भिडलात, त्याच्या जवळपास मला दोन तासांत पोचता आलं असेल तर मी समाधानी आहे. एव्हरेट कच्चे वक्ते नव्हते, त्या काळातले नावाजलेले होते, आणि तो समारंभ मुख्यतः त्यांचाच होता.

कागदावर छान वाटणारा मजकूर बोलताना का अडखळतो?

वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यात मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाक्य लांबलं की ऐकणाऱ्याला सगळे तुकडे हातात धरून शेवटच्या शब्दापर्यंत उभं राहावं लागतं. हा नमुना पाहा:

"गेल्या तीन वर्षांपासून प्रलंबित असलेल्या आणि नागरिकांकडून सातत्याने मागणी होत असलेल्या जलवाहिनी बदलण्याच्या कामास आवश्यक त्या सर्व तांत्रिक मान्यता प्राप्त झाल्यानंतर आता लवकरच प्रत्यक्ष सुरुवात करण्यात येणार आहे."

अठ्ठावीस शब्द आहेत. विषय जलवाहिनीचा आहे हे बाराव्या शब्दाला कळतं, आणि तिचं काय होणार हे पंचविसाव्याला. आता तेच असं लिहू:

"जुनी जलवाहिनी बदलायची आहे. तुम्ही तीन वर्षं मागणी करत आहात. तांत्रिक मंजुऱ्या आता मिळाल्या. आमचा पाणीपुरवठा विभाग दहा तारखेला खोदाई सुरू करेल."

वाक्यं चार आणि शब्द बावीस. पण शब्द वाचले ही किरकोळ गोष्ट. दुसरं रूप लिहिताना लिहिणाऱ्याला विभागाला फोन करून तारीख विचारावी लागली, कारण "लवकरच" काढल्यावर तिथे खड्डा पडला. पहिल्या रूपात तो खड्डा झाकलेला होता. गोलमाल मजकुराचं कारण बऱ्याचदा भाषेत नसतं. लिहिणाऱ्याकडे माहितीच नसते, आणि लांब वाक्य ती उणीव झाकून नेतं.

कामाचे दोन नियम. एका वाक्यात "असलेल्या", "केलेल्या", "होणाऱ्या" अशी रूपं दोनपेक्षा जास्त झाली की वाक्य तोडा. आणि सरासरी दहा-बारा शब्दांची वाक्यं ठेवा, पण सगळी सारख्या मापाची नकोत. ओळीनं सहा तोकडी वाक्यं आली की भाषण सूचनाफलकासारखं वाजतं. मोठं वाक्य हवंच असेल तर "जो... तो", "जेव्हा... तेव्हा" अशा जोडीत बांधा. पहिला शब्द ऐकताच कानाला दुसऱ्याची चाहूल लागते, म्हणून ती रचना लांब असूनही पेलते.

"करण्यात आले", "करण्यात येईल" यांत वाईट काय आहे?

प्रयोग म्हणून वाईट काहीच नाही. कर्त्याला लपायला त्यात सोयीची जागा मिळते, अडचण ती आहे.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईच्या आदल्या दिवशी दोस्तांचे सेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. चढाई फसली तर जाहीर करायचं निवेदन होतं ते. गडबडीत त्यांनी तारीखही चुकीची घातली, ५ जूनऐवजी ५ जुलै. चिठ्ठीतल्या खाडाखोडी बघण्यासारख्या आहेत. "सैन्य मागे घेण्यात आलं आहे" अशा अर्थाचे शब्द खोडून त्यांनी "मी सैन्य मागे घेतलं आहे" असं केलं. "ही विशिष्ट मोहीम" खोडून "हल्ला करण्याचा माझा निर्णय" असं लिहिलं. शेवटी, काही दोष असेल तर तो एकट्या माझा, असं लिहून त्या "एकट्या माझा" खाली रेघ ओढली. चढाई यशस्वी झाली, चिठ्ठी वाचायची वेळ आली नाही. कर्मणीचा कर्तरी करताना माणसाच्या डोक्यात काय चालतं, ते दाखवणारा याहून चांगला कागद आमच्या माहितीत नाही.

आता उलट उदाहरण. ८ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याविषयी भाषण केलं. मसुद्यात तो दिवस "जगाच्या इतिहासात" राहील असं होतं. त्यांनी हातानं खोडून "कलंक म्हणून" या अर्थाचा शब्द घातला. त्या वाक्याचा प्रयोग कर्मणीच आहे: अमेरिकेवर हल्ला करण्यात आला. पण लगेच पुढे कोणी केला तेही आहे, जपानी साम्राज्याच्या नौदलानं आणि हवाई दलानं. ज्याच्यावर घाव पडला तो वाक्याच्या तोंडाशी आला, आणि करणाराही सुटला नाही.

म्हणून मसुद्यात "करण्यात", "होईल", "झाले" दिसलं की पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहा: कोणी? किती? कधीपर्यंत? "निधी उपलब्ध करून देण्यात येईल" याला तिन्ही प्रश्न लागतात आणि उत्तर एकाचंही मिळत नाही. "योग्य ती कार्यवाही सुरू आहे" हे तर त्याहून पोकळ. त्याऐवजी "तक्रार सोमवारी आली, चौकशी अधिकाऱ्यांनी चार जणांचे जबाब घेतले, अहवाल शुक्रवारी मिळेल" असं लिहा. तेवढं झालेलं नसेल तर जेवढं झालं तेवढंच लिहा.

कर्ता गाळणं योग्य कधी? तो खरोखर ठाऊक नसेल तेव्हा, इतका उघड असेल की सांगणं फुकट होईल तेव्हा, किंवा नाव घेतल्यानं एखाद्या पीडित व्यक्तीची ओळख उघडी पडेल तेव्हा.

"आम्ही" आणि "आपण" यांत एवढं जपायचं काय?

इंग्रजी, हिंदीला एकाच शब्दावर भागवावं लागतं. मराठीला दोन शब्द मिळालेत, आणि भाषणात ते सोन्यासारखे वापरता येतात. "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की आत येतो. "आम्ही पाणी जपून वापरायचं ठरवलं आहे" ही माहिती झाली, "आपण पाणी जपून वापरायचं" ही हाक झाली.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. "आपण" म्हणजे आदरार्थी "तुम्ही" सुद्धा. "आपण हा निर्णय घ्यायला हवा" यात निर्णय कोणी घ्यायचा, समोरच्यांनी की सगळ्यांनी मिळून? म्हणून एका भाषणात "आपण" ला एकच काम द्या, आपण सगळे. श्रोत्यांना सरळ "तुम्ही" म्हणा. त्यात अनादर नाही.

दुसरा घोटाळा जास्त बोचरा असतो. कामाचं श्रेय आलं की वक्ता "आम्ही" म्हणतो आणि चूक निघाली की "आपण कुठेतरी कमी पडलो". श्रोत्यांना व्याकरण शिकवावं लागत नाही, हा सांधा त्यांना बरोबर ऐकू येतो. मसुदा झाला की दोन्ही शब्दांना वेगवेगळ्या रंगात गोल करा आणि कुठला कुठे पडलाय ते एकदा बघा.

तशीच "च" ची जागा. "आम्हीच हे काम केलं", "आम्ही हेच काम केलं" आणि "आम्ही हे काम केलंच" ही तीन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात इतरांना बाजूला सारलंय, दुसऱ्यात इतर कामांना, तिसऱ्यात कुणाच्या तरी शंकेला उत्तर आहे. हातानं लिहिलेला "च" घाईत एक शब्द पुढे सरकला की मथळा बदलतो.

आकडे कसे सांगावेत?

कानाला एका मिनिटात एकच आकडा द्या. "४७ लाख ८३ हजार" हे बोलताना "जवळपास ४८ लाख" करा आणि नेमका आकडा छापील प्रतीत ठेवा. मोठी रक्कम किंवा मोठं माप माणसागणिक करून सांगा. दिवसाला १२ कोटी लिटर पाणी म्हणजे किती, याचा अंदाज कुणालाच येत नाही. आठ लाख लोकांत वाटलं तर माणशी १५० लिटर, हे मात्र प्रत्येकाला कळतं.

नेहमीच्या चुका:

- ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जाणं ही दोन टक्के वाढ नव्हे. ती दोन टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि मुळाच्या मानानं पन्नास टक्के. दोन्ही खरं आहे, पण कोणतं म्हणताय ते सांगा.
- १०० टक्के वाढ म्हणजे दुप्पट, २०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट. इथे भलेभले घसरतात.
- "तिपटीनं कमी झालं" याला अर्थ नाही. "एक तृतीयांश उरलं" म्हणा.
- "विक्रमी वाढ" म्हणताना कशाच्या तुलनेत आणि कधीपासून मोजलेली, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

शिवाय मराठी संख्यानामं कानाला दगा देतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे लाऊडस्पीकरवर एकमेकांत मिसळतात. आकडा महत्त्वाचा असेल तर "जवळपास साठ, नेमकं सांगायचं तर एकोणसाठ" असं दुहेरी सांगा. वाचनप्रतीत, म्हणजे वक्ता मंचावर समोर ठेवून वाचतो त्या कागदावर, आकडा अक्षरांत लिहा. १,०७,००,००० बघून शून्यं मोजत उभं राहण्यापेक्षा "एक कोटी सात लाख" बरं.

सुरुवात कशी करावी?

आभार, "मला बोलण्याची संधी दिली" आणि शब्दकोशातली व्याख्या, ही तिन्ही दारं बंद करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोकांनी तुमच्याकडे बघितलेलं असतं, ती कमाई शिष्टाचारात घालवू नका. एखादी ठोस गोष्ट, एखादा आकडा, नाहीतर सरळ म्हणणं. आभार मानायचेच असतील तर तिसऱ्या परिच्छेदात, ज्यानं खरंच काही केलं त्याचं काम सांगून माना.

माफी मागायची असेल तर?

"कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो" या वाक्यात माफी नाही. "असतील तर" मध्ये शंका आहे की दुखावल्या का खरंच. "कुणाच्या" मध्ये माणूस गायब आहे. "भावना" मध्ये दोष ऐकणाऱ्याच्या मनावर ढकललेला आहे. आणि "दिलगिरी" म्हणजे वाईट वाटणं, ते पावसात सहल रद्द झाल्यावरही वाटतं.

माफीचे भाग पाच: काय केलं, त्यानं कुणाचं काय नुकसान झालं, ते चूक होतं हे कबूल करणं, भरून द्यायला काय करतो आहोत, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. क्रम थोडा हलला तरी चालेल, भाग गळायला नको. कारण सांगायचं असेल तर एका वाक्यात, आणि कबुलीनंतर. आधी आलं की ते सबब होतं. उदाहरण:

"मंगळवारी आम्ही २३० जणांना चुकीचा निकाल कळवला. त्यातल्या काहींनी त्या भरवशावर दुसरीकडचे प्रवेश सोडले. चूक आमची आहे. आज संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला आम्ही स्वतः फोन करू. यापुढे यादी दोन जणांनी तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आम्ही माफी मागतो."

वकील यावर लाल रेघा ओढतील, त्यांचं ते कामच आहे. त्यांच्याशी शब्दाशब्दावर वाटाघाट करा, पण जिथे कबुली काढावीच लागेल तिथे माफीचा आव आणू नका. "काय घडलं ते तपासतो आहोत, अमुक वेळेला पुन्हा सांगू" एवढंच निवेदन द्या आणि ती वेळ पाळा.

थोरांची वचनं वापरावीत का?

वापरा, पण मूळ जागा सापडली तरच. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणानं लढेन" हे वाक्य सर्रास व्होल्तेरच्या नावावर खपतं. ते एव्हलिन बिट्रिस हॉल या लेखिकेनं १९०६ साली, व्होल्तेरची वृत्ती सांगताना स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं आहे. "जगात जो बदल हवा तो तुम्हीच व्हा" हे गांधीजींच्या नावावरचं वाक्यही त्या शब्दांत त्यांच्या लिखाणात मिळत नाही. वाक्यांच्या संग्रहांवर आणि फिरत्या चित्रांवर विसंबू नका. स्रोत मिळाला नाही तर विचार स्वतःच्या शब्दांत मांडा.

श्रेय देणं मसुद्यातच लिहिलेलं असावं, वक्त्याच्या आठवणीवर सोडू नये. १९८७ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना जो बायडन यांनी ब्रिटिश नेते नील किनॉक यांच्या भाषणातला भाग वापरला. इतर काही ठिकाणी त्यांनी किनॉक यांचं नाव घेतलं होतं, एका सभेत ते राहिलं. त्यावरून उठलेल्या वादात सप्टेंबरमध्ये त्यांना माघार घ्यावी लागली.

शब्द बोचू नयेत, पण गुळमुळीतही होऊ नयेत. मध्य कसा गाठायचा?

ज्यांच्याविषयी बोलतोय ते स्वतःला काय म्हणवतात, हे विचारा. एक फोन पुरतो. माणूस आधी, अवस्था नंतर: "मधुमेही" पेक्षा "मधुमेह असलेली मुलं". आत्महत्येविषयी बोलताना पद्धत आणि जागेचा तपशील देऊ नका, आणि एकाच कारणावर बोट ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं माध्यमांसाठी केलेल्या सूचनाही हेच सांगतात.

संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे टप्पे आहेत. निकाल लागेपर्यंत "आरोपी", आणि आरोपपत्र नसेल तर तेही नको.

सगळ्यांत दुर्लक्षित शब्द म्हणजे बोलण्याची क्रियापदं. "म्हणाले" कुणाची बाजू घेत नाही. "दावा केला" म्हणताच अविश्वास डोकावतो, "कबूल केलं" मध्ये गुन्हा गृहीत धरलेला असतो, "स्पष्ट केलं" मध्ये ते खरंच आहे असं तुम्हीच मान्य करता. दहातल्या नऊ वेळा "म्हणाले" हेच बरोबर असतं. तेच तेच वाटेल याची भीती बाळगू नका, वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही.

इंग्रजी शब्द टाळावेत का?

जो शब्द लोक घरात वापरतात तो वापरा. "मोबाइल" म्हणा, "भ्रमणध्वनी" म्हटल्यानं मराठीचं भलं होत नाही. उलट "सदर", "उपरोक्त", "अनुषंगाने", "अन्वये" हे मराठी असूनही परकेच. भाषणात बोलीरूप ठेवा, केलं, झालं, सांगितलं. तोच मजकूर पत्रक म्हणून जाणार असेल तर केले, झाले, सांगितले. एकाच कागदावर दोन्हींची भेळ नको. सोपेपणाला आता आंतरराष्ट्रीय मानकही आहे, २०२३ मध्ये आलेलं आयएसओ २४४९५-१. त्याचं सार चार कसोट्यांत बसतं: वाचणाऱ्याला हवं ते आहे का, ते सापडतं का, समजतं का, त्यावरून पुढचं पाऊल उचलता येतं का.

दुसऱ्यासाठी लिहिताना त्याचा आवाज कसा पकडायचा?

त्या व्यक्तीचं, कागदाशिवाय बोलतानाचं तासाभराचं ध्वनिमुद्रण ऐका. वाक्य कुठे तोडतात, "म्हणजे" म्हणतात की "अर्थात", उदाहरणं कुठली देतात, चिडल्यावर वाक्यं लहान होतात की मोठी, याच्या टिपा काढा. जे शब्द त्या तासात एकदाही आले नाहीत, त्यांतला एकही त्यांच्या तोंडी घालू नका. "अपरिहार्यता" वर अडखळणाऱ्या माणसाला "टाळता येणार नाही" द्या.

मग मसुदा त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, दोनदा, पहिल्यांदा निदान आदल्या दिवशी. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. वाचताना त्यांनी नकळत बदललेला शब्द मसुद्यातल्या शब्दापेक्षा बरा असतो, तो मुकाट्यानं घ्या. इथे लिहिणाऱ्याचा अहंकार दुखतो, दुखू द्या.

दहा जण मसुद्यात बदल सुचवतात. काय करायचं?

लेखणी एकाकडेच हवी. तज्ज्ञांनी चूक दाखवावी, वाक्य लिहून देऊ नये. प्रत्येक जण एक वाक्य घालतो आणि कुणीच काढत नाही, म्हणून नियम करा: एक घालायचं तर एक सुचवून काढायचं. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. "अंतिम", "अंतिम नवीन", "खरंच अंतिम" अशा तीन फायलींमधून चुकीची छापली जाणं ही नेहमीची दुर्घटना आहे. यंत्राकडून कच्चा खर्डा करून घेतला असेल तर त्यातलं प्रत्येक नाव, साल, आकडा आणि वचन स्वतः तपासा. चुकीची माहितीही ते तितक्याच सफाईनं लिहितं.

वाचनप्रत कशी तयार करावी?

अक्षर १८ पॉइंट, ओळींत दीडपट ते दुप्पट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा ठेवा. ओळ खाली गेली की हनुवटी छातीला टेकते आणि आवाज दबतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नका. पान क्रमांक मोठा, वर उजवीकडे. पिना मारू नका, वाचून झालेलं पान नुसतं बाजूला सरकवायचं असतं. एका दमात जेवढं म्हणायचं तेवढी एक ओळ, अशी मांडणी केली तर थांबे आपोआप सापडतात. चर्चिल यांच्या भाषणांच्या टिपा अशाच, कवितेच्या ओळींसारख्या टाइप केलेल्या असत.

नावांचा उच्चार नावधारकाकडून विचारून घ्या. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. "जरा" म्हणजे थोडं आणि "जरा" म्हणजे म्हातारपण, लिहायला सारखेच. अपरिचित आडनावातला ज कोणता, ही खूण वाचनप्रतीत पेन्सिलीनं करा. टेलिप्रॉम्प्टर असला तरी छापील प्रत हाताशी ठेवाच.

मंचावर कागद सोडून बोलावं का?

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषणाच्या शेवटाकडे कागद बाजूला ठेवला. गायिका महालिया जॅक्सन यांनी जवळूनच "स्वप्नाचं सांगा त्यांना" असं ओरडून सुचवलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण ते स्वप्नाचं आवर्तन त्या क्षणी सुचलेलं नव्हतं. त्याच जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत ते बोलून झालं होतं. तेव्हा कागद सोडायचा तर तोंडात बसलेल्या भागासाठी सोडा. आकडे, नावं, आश्वासनं आणि माफी मात्र कागदावरूनच. ऐनवेळचा विनोदही नको, विशेषतः उपरोध. दुसऱ्या दिवशी छापून येताना आवाजातला हेल गळतो आणि वाक्य सरळ अर्थानं उरतं.

भाषण झाल्यावर काही काम उरतं का?

उरतं, आणि ते बहुधा कुणी करत नाही. आधी वाटलेल्या प्रतीवर "प्रत्यक्ष भाषणाशी पडताळून घ्यावे" अशी ओळ छापलेली असावी. नंतर ध्वनिमुद्रण ऐकून मसुद्याशी ताडून बघा: कुठे अडखळले, कुठे शब्द बदलला, टाळी अपेक्षेच्या ठिकाणी आली की दुसरीकडेच. चुकीचा आकडा तोंडातून गेला असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती कळवा, चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही आकडे देऊन. शेवटी भाषणात दिलेलं प्रत्येक आश्वासन वेगळ्या कागदावर उतरवा, पुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या टेबलावर पोचवा.